केवलराम रामटेके, लोकल

भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर राजकुमार सुपरवायझरनं विचारलं, "लोकल है क्या?" तेव्हा केवलराम रामटेके छाती काढून म्हणाला, "एकदम लोकल, साहब. खुर्सीपार. यहीं पैदा हुआ, यहीं बड़ा हुआ."

त्याला वाटलं, आपण हुकमाचा पत्ता टाकला. का नाही वाटणार? अर्धं आयुष्य त्यानं मोर्च्यात घोषणा दिल्या होत्या. लोकल को रोजगार दो, लोकल का हक कौन खाता है. झेंड्याची काठी धरून त्याच्या तळहाताला घट्टे पडले होते. इंग्रजीचा त्याला गंध नव्हता, पण हा एक शब्द आपला आहे याची त्याला खात्री होती. लोकल म्हणजे इथला. आणि इथला म्हणजे केवलराम नाही तर कोण? बाप आमगावकडून भिलाईचा पोलाद प्लांट बांधायला आला, डोक्यावर गिट्टीची टोपली घेऊन आला, पुढं तिथंच नोकरीला लागला. केवलराम जन्मला सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात. सेक्टरच्या क्वार्टरात रांगला. बाप रिटायर झाला, क्वार्टर गेलं, तेव्हा खुर्सीपारच्या बस्तीत विटांचं घर उभं केलं. बापाची राखसुद्धा याच मातीत.

राजकुमारनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं भाजीवाला किडक्या वांग्याकडं बघतो.

"लोकल नहीं चाहिए," तो म्हणाला. "लोकल रखो तो उसका मामा मरता है. फिर फूफा मरता है. फिर हरेली का त्योहार आता है, फिर तीजा का आता है. और कोई नहीं मरा, तो चार जन मिलके गेट पे झंडा गाड़ देते हैं. आगे जा भाई."

केवलराम पुढं गेला. पुढच्या गेटवर तेच. त्याच्या पुढच्या गेटवर चौकीदारानंच तोंड बघून हात हलवला. तो साचे भरणारा जुना कारागीर होता. जिथं त्यानं उमर घालवली ते फाउंड्री शेड बंद पडून वर्ष होत आलं होतं. मालकानं मशिनी विकल्या, पत्रे विकले, कामगारांना मात्र विकता आलं नाही म्हणून सोडून दिलं.

लोकल नको, यामागं काही मोठं शास्त्र नाही. लोकल माणसाला घर असतं. घराला शेजार असतो. शेजाऱ्याला तोंड असतं. आठ तास झाले की लोकल माणूस सायकलवर टांग टाकून निघतो. बाहेरून आणलेला माणूस आवारातल्या पत्र्याच्या खोलीत झोपतो, त्याला शिट्टी मारली की तो उठतो. तो कुणाकडं तक्रार घेऊन जाईल? त्याला तर ठाणं कुठल्या बाजूला आहे हेही ठाऊक नसतं. मालकाला माणूस नकोच असतो, नुसते हात पाहिजे असतात, आणि हातांच्या मागं गाव नको असतं. साधा हिशेब आहे, पण तो समजायला केवलरामला सगळी हथखोज पायी तुडवावी लागली.

राजकुमारच्या गेटसमोर मैनाबाईचा चहाचा ठेला होता. मैनाबाई छत्तीसगढी बाई, पूर्वी केवलरामच्याच फाउंड्रीत वाळू चाळायला होती. तोंड असं की सुपरवायझरही उधारी वेळेवर चुकवत.

"का सगा," ती चहा ओतत म्हणाली, "नइ राखिन?"

"लोकल नको म्हणते."

"तोर बाप कहाँ ले आए रहिस?"

"आमगाव बाजूनं. महाराष्ट्र."

"त फेर तहूँ उहें के हस." तिनं ग्लास पुढं सरकवला. "मोला तो बोलना नइ आय, तोला तो मराठी आथे. बोल, नागपुर ले आए हँव. एमन ला का पता."

मैनाबाई मस्करी करत होती. केवलरामनं मात्र ती मस्करी घरी नेली.

सिंधूनं ऐकलं आणि पोळपाट आपटला. ती सेक्टरातल्या तीन घरी स्वयंपाक करायची. दोघांची पोरगी उन्नती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, आणि घर आता सिंधूच्या एकटीच्या हातावर चाललं होतं.

"ज्या गावात तुमचा बाप नाही राह्यला, तिथचे तुमी कसे होता जी?"

"कागदावरच होतो ना. मनातून थोडी होतो."

"मनातलं कोण वाचते इथं? सारे कागदच वाचते."

"तू सांग मंग. दुसरं काय करू?"

यावर ती जास्तच चिडली. गावी चुलतभाऊ देवराव होता, लग्नाकार्याला भेटायचा तेवढाच. केवलराम आमगावला गेला, त्याच्या हातापाया पडला आणि आधारवरचा पत्ता बदलून देवरावच्या घरचा करून आला. आमच्या विदर्भातून आलेल्या लोकांनीच करावी अशी ही चूक. छत्तीसगढिया माणसाला सांगायला दुसरं गाव नसतं, बिहारी माणसाला गाव बदलायची गरज पडत नाही. आम्हालाच वाटतं की आपले पाय दोन दगडांवर आहेत, तर कधी या दगडावर भार टाकू, कधी त्या. मधे नाला आहे हे आम्ही विसरतो.

पंधरा दिवसांनी केवलराम बॅग घेऊन त्याच गेटवर आला. दाढी वाढवलेली, डोक्याला गमछा. राजकुमारनं ओळखलंही नाही. हातांचे चेहरे कोण लक्षात ठेवतो?

"कहाँ से?"

"नागपूर साइड, साहब. आमगाव."

"इधर कोई रिश्तेदार?"

"कोई नहीं."

हे दोन शब्द बोलताना त्याच्या घरापासून त्या गेटपर्यंतचं अंतर सायकलनं अर्ध्या तासाचंही नव्हतं.

मग केवलराम आपल्याच शहरात परदेशी झाला. आवाराच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत त्याला जागा मिळाली, ओडिशातल्या बलांगीरच्या माणसांसोबत. त्यात बलभद्र म्हणून एक होता, केवलरामच्याच वयाचा, काटक, सारखा हसणारा. त्याचा भाऊ, साळा, गावची अजून माणसं, सगळी एकाच सरदारानं, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमानं आणलेली. बलभद्रनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'नागपुर' ठेवलं आणि आपल्या स्टोव्हवर त्याचा भात टाकला.

परका होणं शिकावं लागतं. कुणी विचारलं, बाजार कुठं, तर माहीत नाही म्हणायचं. बाहेर रस्त्यावर ओळखीची स्कूटर दिसली की मान फिरवायची. छत्तीसगढी कळत नाही असं तोंड करायचं. मैनाबाईच्या ठेल्यावर गेलं की ती मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "का जी परदेसी, हमर भिलाई कइसे लागिस?" आणि केवलराम चहात तोंड खुपसायचा. ती त्याला फुटू देत नव्हती, पण टोचल्याशिवाय सोडतही नव्हती. सिंधूचा निरोप, उन्नतीचा निरोप तिच्याच ठेल्यावर यायचा. रेशनच्या दुकानातून त्याचं नाव कटलं, हेही त्याला तिथंच कळलं. आधार दुसऱ्या राज्याचं, म्हणून मशीन त्याच्या नावाचं धान्य सोडेना. सिंधू दुकानदाराशी भांडून आली होती, आणि भांडताना तिला सांगताही येत नव्हतं की नवरा कुठं आहे.

एका सुटीच्या दिवशी बलभद्र म्हणाला, "चल नागपुर, तेरे को भिलाई दिखाता हूँ. इतने दिन हुए, तू तो गेट के बाहर ही नहीं निकलता."

केवलरामनं नाही नाही म्हटलं. खोलीतल्या माणसांनी ओढतच नेलं. मैत्रीबागेत बलभद्रनं त्याला वाघाचा पिंजरा दाखवला. केवलरामनं लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तोच पिंजरा बघितला होता. "देखा है कभी?" "नहीं रे." मग पावर हाऊसच्या बाजारात आले. बलभद्रला पोरीसाठी रिबनी घ्यायच्या होत्या. घेऊन झाल्या, आणि हथखोजकडं जायला गाडी कुठं मिळेल ते त्याला आठवेना. समोरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन येत होती. बलभद्रनं तिलाच गाठलं.

"दीदी, हथखोज जाने का ऑटो किधर मिलेगा?"

बाई थांबली. सिंधू होती. तिनं आधी बलभद्रकडं बघितलं, मग त्याच्या मागं उभ्या असलेल्या, गमछा नाकापर्यंत ओढलेल्या नवऱ्याकडं.

"इन भैया को पूछो," ती म्हणाली. "इनको पता होगा."

"ये?" बलभद्र हसला. "ये तो नागपुर का है दीदी. इसको कुछ नहीं पता."

"हो," सिंधू म्हणाली, "दिसून राह्यलं."

तिनं पुलाकडं बोट दाखवलं आणि निघून गेली. पिशवीतून मेथीची एक जुडी बाहेर लोंबत होती, ती तिनं आत सारली नाही. केवलरामला सारावीशी वाटली. बलभद्र म्हणाला, "अच्छी औरत थी." केवलराम म्हणाला, "हाँ."

तरी काम होतं, आणि काम असणं ही काय चीज आहे ते बिनकामाच्या माणसालाच विचारावं. उन्नतीची फी भरली गेली. सिंधूनं एक घर सोडलं, तिच्या कमरेला आराम पडला. केवलरामनं मनाशी ठरवलं होतं, पोरीचं नर्सिंग होईपर्यंत ओढायचं. तेवढं निभलं की मग मी कुठचाही असलो तरी चालेल. तेवढीच त्याची मागणी होती. यापेक्षा लहान मागणी माणसानं काय करावी?

ते निभलं नाही.

दुपारच्या पाळीत साच्याची पेटी चेन पुलीवर उचलली होती. कडी घासलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, राजकुमारलाही. कडी तुटली आणि पेटी बलभद्रच्या उजव्या हातावर बसली. तो ओरडलासुद्धा नाही. पेटी उचलून हात बाहेर काढला, तेव्हा केवलरामनं आपला गमछा सोडून त्यावर बांधला.

राजकुमारनं पिकअप बोलावली. दोघांनी बलभद्रला मागं टाकलं.

"कुम्हारी ले जाओ," राजकुमार ड्रायव्हरला म्हणाला. "अपने डॉक्टर के पास."

केवलरामला ते कानात तापल्या सळीसारखं गेलं. दुर्गचं सरकारी हॉस्पिटल एका बाजूला, कुम्हारी दुसऱ्या बाजूला. सरकारी हॉस्पिटलात गेलं की पोलिसाला खबर जाते, अपघात कुठं झाला ते लिहिलं जातं. कुम्हारीचा हायवेवरचा 'अपना डॉक्टर' पट्टी बांधतो आणि तोंडही बांधतो. बलांगीरच्या माणसांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना कुम्हारी काय अन् दुर्ग काय. बलभद्रचा भाऊ गाडीमागं हात जोडून उभा होता, साहेब दवाखान्यात नेत आहेत म्हणून.

केवलराम एक क्षण उभा राहिला. त्या क्षणात उन्नती होती, सिंधूची कंबर होती. मग तो जाऊन पिकअपच्या समोर उभा राहिला.

"दुर्ग ले जाओ."

"हट बे नागपुर."

तो हटला नाही. गेट उघडं होतं, समोर ठेला होता. तो ठेल्याकडं तोंड करून ओरडला, आणि ओरडला तो त्याच्या लहानपणच्या गल्लीच्या बोलीत. "ए मैना दीदी, रस्ता छेंको! आदमी ला कुम्हारी लेगत हें!"

मैनाबाईनं ठेल्याचा बाकडा उचलून रस्त्यात आडवा टाकला. बाजूच्या शेडमधली माणसं आली, बस्तीतली पोरं आली. कुणीतरी बोललं, "अरे, ये तो खुर्सीपार वाले केवल भैया ए." दुसरा म्हणाला, "झंडा वाले?" "हव, वोही."

राजकुमार त्याच्याकडं बघत राहिला. खिसा कापताना माणूस पकडला तर त्याच्याकडं जसं बघतात तसं.

"तू लोकल है?"

पिकअप दुर्गला गेली.

बलभद्रचा जीव वाचला, हात वाचला नाही. कोपराच्या वरून काढावा लागला. केवलरामची बॅग त्याच संध्याकाळी गेटबाहेर फेकलेली होती. ती मैनाबाईनं ठेल्याखाली ठेवून घेतली.

युनियनवाले आले, चांगली माणसं होती. म्हणाले, कामगार खात्याच्या साहेबासमोर बलभद्रनं नुसतं खरं बोलावं, बाकी आम्ही बघतो. भरपाई मिळेल, तुलाही परत घ्यावं लागेल. केवलराम रोज दुर्गला जायचा. डावा हात सरावाचा नव्हता, म्हणून बलभद्रला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून द्यायचा, केळं सोलून द्यायचा. बलभद्र अजूनही त्याला नागपुरच म्हणायचा.

कामगार साहेब आले त्या दिवशी वॉर्डात सरदारही हजर होता, भिंतीला टेकून, मोबाईल बघत.

"हाथ कैसे कटा?"

बलभद्रनं छताकडं बघितलं. "कमरे में गिर गया था, साहब. गैस का सिलिंडर उठा रहा था."

"कारखाने में नहीं?"

"नहीं साहब. छुट्टी पे था."

साहेबांनी पेन बंद केलं. ते गेले, मागोमाग सरदार गेला. केवलराम हातात अर्धं सोललेलं केळं घेऊन उभा.

"मेरा काम गया बलभद्र," तो हळूच म्हणाला. "तेरे लिए गया."

"मालूम है."

"फिर?"

"मेरा भाई उसी शेड में है. साला है. गाँव के सब लोग हैं. मैं सच बोलूँगा तो कल सबका बिस्तर बाहर." त्यानं मान वळवली. "तू लोकल है ना, नागपुर. तेरा घर है इधर. तू शाम को घर जाएगा. हमको किधर जाना है?"

केवलराम रागीट माणूस. मोर्च्यात पोलिसांना शिव्या देणारा. पण राग काढायचा तर कुणावर? त्यानं केळं पूर्ण सोललं, बलभद्रच्या डाव्या हातात दिलं, आणि निघाला. दोन दिवसांनी बलभद्रला गाडीत बसवून बलांगीरला पाठवून दिलं. रिबनी त्यानं सोबत नेल्या की खोलीतच राहिल्या, कुणास ठाऊक. राजकुमारच्या ठेकेदारानं लिहून दिलं की केवलराम नावाचा कुणी माणूस आमच्याकडं नव्हताच.

आता हथखोजची सगळी गेटं त्याचं तोंड ओळखू लागली. सुपरवायझर लोकांत तो 'लोकल नेता' झाला.

पुढं पावसाळ्यानंतर एका नव्या कारखान्याची भरती निघाली. मोर्चे झाले होते, धरणी झाली होती, म्हणून या वेळी फक्त लोकल माणसं घेणार होते. शाळेच्या मैदानात मांडव टाकला होता. केवलराम सकाळीच रांगेत लागला. सिंधूनं सदरा इस्त्री करून दिला होता, डबा भरून दिला होता. ही भरती त्यानं मागितली होती. ज्या घोषणांनी ती निघाली, त्यातला एक गळा त्याचा होता.

टेबलामागं एक पोरगी बसली होती, उन्नतीहून थोडी मोठी. बोलायला नरम. तिनं त्याचं आधार घेतलं आणि परत केलं.

"अंकल, आप तो महाराष्ट्र के हैं."

"नहीं बेटा. सेक्टर नौ में पैदा हुआ. खुर्सीपार में घर है."

"घर का पट्टा होगा? बिजली बिल, आपके नाम का?"

पट्टा, म्हणजे जागेचा सरकारी कागद. बस्तीला पट्टा द्यायचं प्रत्येक निवडणुकीत ठरतं. वीज शेजारच्या मीटरवरून. जुनं आधार त्यानं स्वतःच्या हातानं बदललेलं. तो तिला हे सगळं सांगू लागला. बाप, क्वार्टर, फाउंड्री. ती ऐकत होती, पण मागची रांग ऐकत नव्हती.

"बाहर वाला मन इहाँ घलो घुस गे," मागून एक पोरगा म्हणाला. "हमर नौकरी ला इही मन खाथें."

केवलराम मागं वळला. पोरगा तरणा होता, बाहीला बिल्ला लावलेला. त्याच्या वयात केवलरामही हेच बोलला होता, असाच, मान ताठ करून. तेव्हा ज्याला बोलला त्याचं तोंड त्यानं बघितलं नव्हतं. केवलराम रांगेतून बाजूला झाला.

त्याच आठवड्यात देवरावचा फोन आला.

"केवल, तुयं नाव माह्या पत्त्यावरून काढून टाक बाप्पा."

"कावून जी दादा?"

"पोरं विचारून राह्यले, काका उद्या हिस्सा मांगन का म्हणून. वावर आधीच कितीसं हाय."

"मी कायले मांगतो हिस्सा?"

"तू नाही मांगणार. कागद मांगते ना. वाईट नको मानू. पण तू काही इथचा नाहीस, केवल. तुले मालूमच हाय."

केवलराम म्हणाला, काढतो. पण काढून टाकायचं तर दुसरा पत्ता लागतो, आणि त्याच्याकडं दुसरा पत्ता नाही, नुसतं घर आहे.

उन्नतीनं नर्सिंग सोडलं. सोडलं म्हणाली नाही, "पुढच्या वर्षी बघू" म्हणाली. आता ती सिंधूसोबत सेक्टरात जाते. सिंधूनं सोडलेलं घर तिनं धरलं.

केवलराम सकाळी पावर हाऊसच्या चावडीवर उभा राहतो, जिथं मजूर उभे राहतात आणि ठेकेदार गाडीतून उतरून माणसं उचलतात. मैनाबाई कधी बाजाराला आली तर लांबून हाक मारते. "का सगा" म्हणते, पण परदेसी म्हणत नाही आता. हे त्याला जास्त लागतं.

परवा एक ठेकेदार आला. नवा दिसत होता. रांगेवरून नजर फिरवत केवलरामसमोर थांबला, खांदे बघितले, हात बघितले.

"लोकल है क्या?"

केवलरामनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. याला काय ऐकायचं आहे, ते त्या चेहऱ्यावर कुठं दिसतं का, ते शोधत राहिला. भुवईत बघितलं, ओठांच्या कोपऱ्यात बघितलं. बाजूचा माणूसही श्वास धरून त्याच्याकडंच बघत होता, म्हणजे त्यालाही कळावं, पुढं आपण काय बोलायचं.

ठेकेदारानं थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढच्या माणसाकडं वळला.